मत्स्यबीज घेताना आधी आई-बाप विचारा : लवकर अंडी देणाऱ्या मासळीमागचं गणित

राजूर (ता. वणी) : मृग जवळ आला की वणीच्या बाजारात बियाण्याच्या दुकानांपुढे गर्दी होते. सोयाबीनची पिशवी घेताना शेतकरी वाण विचारतो, किती दिवसांत येतो ते विचारतो, उगवण किती टक्के ते लेबलवर वाचतो. कपाशीच्या पाकिटावरची तारीखसुद्धा तो पाहतो. तोच शेतकरी पुढे शेततळ्यात सोडायला मत्स्यबीज घ्यायला जातो, तेव्हा मात्र त्याचा एकच प्रश्न असतो : हजाराला किती? प्लास्टिकच्या पिशवीत पाणी, वर ऑक्सिजन आणि आत वळवळणारं बारीक बीज. विकणारा कटला म्हणाला की कटला, रोहू म्हणाला की रोहू. त्या बीजाचे आई-बाप कोण, किती, कुठून आणलेले, हे विचारायची पद्धतच आपल्याकडे पडलेली नाही.

राजूर म्हटलं की कोळसा खाण आणि चुन्याच्या भट्ट्या लोकांना आठवतात. पण वणी, मारेगाव, झरी जामणी, केळापूर या पट्ट्यात मासळीवर जगणारी घरंही काही थोडी नाहीत. भोई, ढिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्था तलाव ठेक्यानं घेतात. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, तेव्हापासून कपाशीवाल्यांच्या वावरातही तळी झाली आणि काहींनी त्यात मासळी सोडली. या सगळ्यांची वर्षाची कमाई सुरू होते ती त्या प्लास्टिकच्या पिशवीपासून. म्हणून पिशवीत नेमकं काय येतं, ते कधी येतं आणि वर्षागणिक ते का बिघडू शकतं, हे समजून घेतलेलं बरं.

महिन्याचा फरक, वर्षाचं नुकसान

आपल्याकडची बहुतेक तळी पावसाच्या भरवशावर भरतात. जुलैत पाणी येतं आणि प्लास्टिकचा कागद नसलेल्या तळ्यात ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत तळाला जातं. म्हणजे मासळीला वाढायला जेमतेम सात-आठ महिने मिळतात.

त्यातलेही सगळे महिने सारखे नाहीत. कटला, रोहू, मृगळ हे उबदार पाण्याचे मासे. पाणी २५ ते ३० अंशांच्या आसपास असलं की ते खातात आणि भराभर वाढतात. डिसेंबर-जानेवारीत थंडी पडली, पाणी वीस अंशांच्या खाली गेलं, की त्यांचं खाणं कमी होतं आणि वाढ मंदावते. म्हणजे खरी वाढ ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांत होते. तळ्यात पाणी टिकलं तर उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा थोडी.

आता बीज तयार व्हायला किती वेळ लागतो ते पाहा. अंड्यातून निघालेलं पोर तीन दिवसांत पोटाशी असलेली पिवळी पिशवी संपवतं. त्याला मत्स्यजिरे म्हणतात. ते संगोपन तळ्यात पंधरा-वीस दिवस वाढवलं की इंचभराचं मत्स्यबीज होतं. आणखी दोन-तीन महिने वाढवलं की तीन-चार इंचांची बोटुकली होते. तलावात सोडायला बोटुकली सगळ्यात चांगली, कारण ती लवकर कोणाच्या तोंडी लागत नाही.

हॅचरीत अंडी जूनच्या सुरुवातीला पडली तर जूनअखेरीस इंचभराचं बीज हातात येतं. तीच अंडी जुलैअखेरीस पडली तर बीज यायला ऑगस्टचा उत्तरार्ध उजाडतो. मधला दीड-दोन महिन्यांचा काळ हा वर्षातला सगळ्यात चांगल्या वाढीचा असतो. तोच गेला की मार्चमध्ये तळं आटताना मासा पाऊण किलोऐवजी चारशे-पाचशे ग्रॅमचा निघतो, आणि बाजारात लहान माशाला भाव कमी. म्हणून लवकरचं बीज सगळ्यांना हवं असतं. ही मागणी खरी आहे आणि योग्यही आहे. अडचण आहे ती ही मागणी पुरवायच्या पद्धतीत.

पावसाची वाट पाहणारी मासळी

पहिल्या पावसात ओढ्या-नाल्यांना पाणी आलं की चढणीचे मासे धरायला अख्खं गाव बाहेर पडतं. तेव्हा पकडलेल्या मादीचं पोट गाभोळीनं भरलेलं असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. ती गाभोळी एका रात्रीत तयार झालेली नसते.

रोहूचं उदाहरण घेऊ. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस मोठा होऊ लागतो, पाणी तापू लागतं, तशी मादीच्या पोटातली अंडी मोठी होऊ लागतात. एप्रिल-मेपर्यंत ती तयार होतात आणि तिथं थांबतात. पुढचा इशारा पावसाचा. नदीला पूर आला, गढूळ वाहतं पाणी काठावरच्या उथळ जमिनीवर पसरलं, की नर-मादी तिथं येतात आणि अंडी पडतात. पूर आलाच नाही तर मादी ती अंडी तशीच पोटात जिरवते आणि ते वर्ष फुकट जातं.

तळ्यात पूर येत नाही. म्हणून तळ्यात पाळलेली रोहू, कटला, मृगळ वयात आली तरी आपणहून अंडी देत नाहीत. पूर्वी सगळं बीज नदीतून गोळा करावं लागायचं आणि त्यात कटल्याबरोबर दुसऱ्या माशांची भेसळ यायची.

यावर उपाय निघाला १९५७ मध्ये. ओडिशातल्या अंगुल इथं डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या डोक्यातल्या पियूष ग्रंथीचा अर्क मादीला टोचून तळ्यातल्या कार्प जातीच्या माशांकडून अंडी घेतली. त्या दिवसाची, १० जुलैची, आठवण म्हणून देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात. पुढे ग्रंथीच्या अर्काच्या जागी ओव्हाप्रिमसारखी तयार इंजेक्शनं आली आणि गोल टाक्यांची चायनीज हॅचरी आली. आता संध्याकाळी इंजेक्शन दिलं की सकाळपर्यंत अंडी पडतात आणि पाणी २७-२८ अंश असेल तर पंधरा-सोळा तासांत फुटतात.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवायची. इंजेक्शन कच्च्या मादीला पिकवत नाही. ते फक्त पुराच्या जागी इशारा देतं. मादी आतून तयार असेल तरच अंडी पडतात. म्हणून हॅचरीवाला मे-जूनमध्ये जाळं ओढतो आणि पोट मऊ, फुगीर, लालसर झालेल्या माद्या वेगळ्या काढतो. एकाच तळ्यात राहिलेल्या, एकच खाद्य खाल्लेल्या माद्यांतल्या काही मेअखेरीस तयार असतात, काही जुलैत होतात. असा फरक का पडतो?

ट्राउटवर झालेला अभ्यास

हा प्रश्न जगात सगळ्यात बारकाईनं तपासला गेला तो ट्राउट नावाच्या माशावर. हा थंड पाण्यातला मासा. शंभरावर वर्षांपूर्वी इंग्रजांनी तो काश्मीरच्या आणि निलगिरीच्या ओढ्यांत आणून सोडला. आज काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीममध्ये त्याची शेती होते. त्याला वीस अंशांच्या आतलं पाणी लागतं, त्यामुळे वणीच्या उन्हात तो कधी जगायचा नाही. पण त्याच्यावर झालेला अभ्यास आपल्या कामाचा आहे.

इंद्रधनुषी ट्राउटची मादी वर्षातून एकदा अंडी देते आणि दरवर्षी जवळपास त्याच सुमारास देते. दिवस लहान होत जाणं हा तिचा इशारा. १९८९ मध्ये सीटोनेन आणि गॉल या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लवकर अंडी देणाऱ्या माद्या-नर तेवढे निवडायचे, त्यांची पिल्लं वाढवायची, त्यातून पुन्हा लवकर देणारे निवडायचे, असं ते पिढीमागून पिढी करत गेले. दर पिढीला अंडी देण्याची तारीख काही दिवसांनी अलीकडे सरकत गेली. हिशोब केला तेव्हा दिसलं, की मादी-मादीतला जो तारखेचा फरक असतो, त्यातला जवळपास निम्मा वाटा आई-बापाकडून आलेला असतो. उरलेला वाटा खाणं, पाणी, वय यांचा. पुढे २००६ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी ट्राउटच्या गुणसूत्रावरच्या एका ठिकाणाचा या तारखेशी असलेला घट्ट संबंध दाखवला. शरीराचं घड्याळ चालवणारं ‘क्लॉक’ नावाचं जनुक त्याच भागात सापडलं.

शेतकऱ्याला हे नवं वाटायला नको. सोयाबीनमध्ये ८५ दिवसांत येणारा वाण असतो आणि शंभर दिवसांचाही असतो. तुरीत हळवी असते, गरवी असते. पाऊस, खत सारखं दिलं तरी दोघी एका दिवशी पिकत नाहीत, कारण वेळ बियाण्यातच लिहिलेली असते. मासळीचंही तसंच आहे. फरक एवढाच, की बियाण्याच्या पिशवीवर ते छापलेलं असतं आणि मत्स्यबीजाच्या पिशवीवर नसतं.

निवडीचा हा खेळ किती दूर जातो, याचं उदाहरण अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात आहे. तिथं समुद्रातून नदीत परत येणाऱ्या ट्राउटचा (त्याला ते स्टीलहेड म्हणतात) चेंबर्स क्रीक नावाचा हॅचरी वाण आहे. हॅचरीत अनेक वर्षं लवकर येणारे मासे निवडत गेले. पिल्लू लवकर मिळालं तर वर्षभरात सोडण्याजोगं मोठं होतं, हे कारण. आज त्या वाणाचे मासे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास अंडी देतात आणि रानातले त्यांचे भाऊबंद मार्चनंतर. हॅचरीच्या कामासाठी हे सोयीचं झालं. पण यातले मासे नदीत जाऊन स्वतः अंडी देतात तेव्हा त्यांची पिल्लं अवेळी निघतात आणि फारच थोडी जगतात. घड्याळ पुढे केलं, पण नदीचा हंगाम काही त्यासोबत पुढे आला नाही.

एक मादी, लाखो पिल्लं

आता पुन्हा आपल्या कार्प हॅचरीकडे येऊ. रोहूची मादी किलोमागे दोन ते तीन लाख अंडी देते. म्हणजे तीन किलोची एक मादी सहा लाखांच्या वर अंडी टाकू शकते. त्यातली निम्मी जरी पुढे जगली, तरी एका मादीत कितीतरी गावांचे तलाव भरतात.

गाय वर्षाला एक वासरू देते, शेळी दोन-तीन करडं देते. तिथं कळप वाढवायला पुष्कळ माद्या ठेवाव्याच लागतात. मासळीत तशी गरज पडत नाही. पाच-सहा चांगल्या जोड्या असल्या तरी हॅचरीचा हंगाम निघतो. त्यातही ज्या माद्या जूनच्या आधी तयार होतात, त्यांनाच पहिलं इंजेक्शन मिळतं, कारण पहिल्या बीजाला भाव असतो. त्या बीजातलंच थोडं पुढच्या प्रजनकांसाठी घरच्या तळ्यात राखून ठेवलं जातं. दोन-तीन वर्षांनी तेच प्रजनक होतात, आणि पुन्हा त्यातले लवकर तयार होणारे निवडले जातात.

वरून पाहता हे शहाणपणाचं वाटतं. पण एका रात्री, एका टाकीत, चार-पाच माद्यांपासून पडलेलं बीज म्हणजे सगळी एकमेकांची भावंडं. त्यातूनच नर आणि त्यातूनच मादी घेतली, तर ती सोयरीक सख्ख्या घरातच झाली. आपल्याकडे एका गोत्रात लग्न जमवत नाहीत. कळपातला बोकडही दोन-तीन वर्षांत बदलतात, नाहीतर तो आपल्याच लेकींवर जातो आणि करडं खुजी निघतात, हे शेळ्या राखणारं पोरही सांगतं. मासळीचं नातं मात्र डोळ्यांना दिसत नाही, कारण पाण्यात सगळे रोहू सारखेच.

उलटी चूकही होते. बाजारात मोठे मासे आधी विकले जातात. हंगाम संपता संपता तळ्यात जे उरतात, ते लहान राहिलेले असतात. तेच प्रजनक म्हणून ठेवले, तर नकळत हळू वाढणाऱ्याची निवड झाली. कपाशीची टपोरी बोंडं विकून कवडीची सरकी बियाण्याला ठेवावी, तसं हे होतं.

तिसरी चूक मिसळीची. जागा आणि वेळ वाचवायला कटला, रोहू आणि मृगळ एकाच टाकीत एकाच रात्री सोडले जातात. अंडी आणि नराचं पाणी सगळीकडे मिसळतं, आणि काही पिल्लं संकरित निघतात. पिशवीत ते बीज कटला म्हणून जातं, वर्षभरानंतर हाती येतो तो ना धड कटला ना रोहू.

हिशोब करून पाहा

सगोत्र पैदास किती वाढते, ते काढायचं सूत्र सोपं आहे. प्रजनकांचा ‘परिणामी आकडा’ काढायचा. त्यासाठी नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या, त्याला चारनं गुणायचं आणि एकूण नर-माद्यांच्या बेरजेनं भागायचं. जो आकडा येईल त्याच्या दुपटीनं शंभराला भागलं, की दर पिढीला सगोत्रपणा किती टक्क्यांनी वाढतो ते कळतं.

पाच नर आणि पाच माद्या असतील तर परिणामी आकडा दहा. म्हणजे दर पिढीला पाच टक्के. वीस माद्या आणि दोनच नर ठेवले तर एकूण मासे बावीस दिसतात, पण परिणामी आकडा सव्वासातच येतो आणि सगोत्रपणा दर पिढीला सात टक्क्यांच्या जवळ जातो. म्हणजे माद्या चौपट करूनही नर कमी केले तर फायदा उलटा होतो. पंचवीस नर आणि पंचवीस माद्या ठेवल्या तर आकडा पन्नास येतो, वाढ दर पिढीला एक टक्का. निदान एवढा आकडा तरी राखावा, असं पैदासशास्त्रात साधारण धरलं जातं.

पाच टक्के म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण ते पिढीमागून पिढी साचत जातं. पाच जोड्यांवर चालणाऱ्या हॅचरीत बाहेरचे प्रजनक आलेच नाहीत, तर पाच पिढ्यांत सगोत्रपणा साडेबावीस टक्क्यांवर जातो. सख्ख्या भावा-बहिणीच्या जोडीतून होणाऱ्या पिल्लात तो पंचवीस टक्के असतो. रोहूची पिढी दोन-तीन वर्षांची धरली, तर दहा-पंधरा वर्षांत हॅचरी जवळपास तिथं पोहोचते.

पंचवीस टक्क्यांवर काय होतं, हेही ट्राउटवर मोजलेलं आहे. अमेरिकेतले संशोधक हॅरॉल्ड किनकेड यांनी १९७६ मध्ये सख्ख्या भावंडांच्या जोड्या लावून पाहिलं. पिल्लांतली व्यंगं ३७ टक्क्यांनी वाढली, पिल्लं जगण्याचं प्रमाण १९ टक्क्यांनी घटलं आणि वर्षभराच्या माशाचं वजन २३ टक्क्यांनी कमी भरलं. एकाच पिढीत.

हे फक्त परदेशातलं नाही. ए. ई. एकनाथ आणि आर. डब्ल्यू. डॉइल यांनी १९९० मध्ये कर्नाटकातल्या कार्प हॅचऱ्यांचा असाच हिशोब मांडला. तिथं परिणामी आकडा ३ ते ३० एवढाच निघाला आणि सगोत्रपणा वाढायचा वेग २ ते १७ टक्क्यांच्या दरम्यान.

तलावावर हे कसं दिसतं? खाद्य तेच, पाणी तेच, तरी मासा दरवर्षी थोडा कमी भरतो. बीज सोडलं तेवढं निघत नाही. जाळ्यात पाठीचा कणा वाकडा, गालफड आखूड असलेले मासे दिसू लागतात. संस्थेचे लोक म्हणतात पाणी बिघडलं, खाद्यवाला म्हणतो खाद्य कमी पडलं. पाण्याचा, खाद्याचा दोष असतोही. पण बियाण्याकडे कोणी पाहत नाही.

चांगल्या निवडीचं उदाहरण : जयंती रोहू

निवड करणं वाईट नाही. आंधळी निवड वाईट. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा इथं केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्था (सिफा) आहे. तिथं १९९२ पासून नॉर्वेच्या शास्त्रज्ञांच्या मदतीनं रोहूवर काम सुरू झालं. सुरुवातीलाच त्यांनी एका तळ्यातले मासे घेतले नाहीत. गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा अशा पाच नद्यांतले रोहू आणि संस्थेच्या शेतावरचे रोहू एकत्र आणले, म्हणजे पायाच रुंद ठेवला. मग वेगवेगळ्या जोड्यांची कुटुंबं केली आणि प्रत्येक माशाच्या अंगात तांदळाच्या दाण्याएवढी खुणेची चिप बसवली. कोणाचा बाप कोण, आई कोण, याची वही ठेवली. भावंडांची जोडी लागू दिली नाही. जलद वाढणारे निवडत गेले.

त्यातून १९९७ मध्ये, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘जयंती रोहू’ बाहेर आला. पिढीमागे वाढीत सरासरी १७ टक्क्यांची सुधारणा नोंदली गेली. पुढे याच संस्थेनं कटल्याचाही ‘अमृत कटला’ हा सुधारित वाण आणला.

पण सुधारित वाणाचे दहा मासे आणून त्यावरच पंधरा वर्षं हॅचरी चालवली, तर वर सांगितलेलं पाच टक्क्यांचं गणित जयंतीलाही लागू होतं. नाव जयंतीच राहतं, जोर निघून जातो. संकरित कपाशीची सरकी घरी राखून पेरली की दुसऱ्या वर्षी झाडं सारखी येत नाहीत. इथं कारण वेगळं आहे, पण शेतकऱ्याला बसणारा फटका तसाच.

मग लवकरचं बीज मिळणार कसं?

लवकर बीज हवं तर फक्त लवकरच्या माद्यांची निवड हा एकच रस्ता नाही. मादी तयार होण्यात निम्मा वाटा वाणाचा असेल, तर उरलेला वाटा खाण्या-पाण्याचा, आणि तो हातातला आहे. प्रजनक तळं वेगळं ठेवायचं, दाटी करायची नाही, जानेवारी-फेब्रुवारीपासून चांगलं खाद्य द्यायचं आणि अधूनमधून ताजं पाणी सोडायचं. नुसता कोंडा-ढेप देऊन मादी वेळेवर पिकत नाही. सिफानं प्रजनकांसाठी ‘सिफाब्रूड’ नावाचं खास खाद्य काढलं आहे. त्यानं मासे नेहमीपेक्षा लवकर तयार होतात, पावसाआधीच अंडी घेता येतात आणि चांगली पोसलेली मादी त्याच हंगामात दुसऱ्यांदाही अंडी देऊ शकते. यात वाण अरुंद होत नाही.

हॅचरीवाल्यांनी पाळायच्या गोष्टी या :

१. नर-माद्या मिळून निदान पन्नास प्रजनक प्रत्येक जातीचे ठेवावेत. नरांची संख्या माद्यांच्या बरोबरीनं असावी.

२. पुढचे प्रजनक राखताना फक्त पहिल्या खेपेतलं बीज राखू नये. हंगामाच्या सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं असं तिन्ही वेळचं थोडं थोडं राखावं. यामुळे भावंडांची गर्दी होत नाही. लवकरचा आणि उशिराचा दोन्ही गुण तळ्यात राहतो. पाऊस एखाद्या वर्षी महिनाभर लांबला, तर उशिराच्या माद्याच कामी येतात.

३. दोन-तीन वर्षांनी काही प्रजनक बाहेरून, दुसऱ्या नदीखोऱ्यातले किंवा सरकारी संस्थेतले, आणावेत. शेजारच्या हॅचरीशी नर बदलून घेतले तरी चालतील, फक्त दोघांनी एकाच ठिकाणाहून बीज आणलेलं नसावं.

४. कटला, रोहू, मृगळ यांची पैदास वेगवेगळ्या टाकीत किंवा वेगवेगळ्या रात्री घ्यावी.

५. वही ठेवावी. कोणत्या तारखेला, किती नर, किती माद्या, कुठले, एवढंच लिहिलं तरी पुरे.

घेणाऱ्यानं काय विचारायचं

आपल्याकडे बीज सरकारी मत्स्यबीज केंद्रातून येतं, खासगी हॅचरीतून येतं आणि पश्चिम बंगाल, आंध्रकडूनही येतं. दूरचं असो की जवळचं, चार प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. हे बीज किती जोड्यांचं आहे? प्रजनक कुठले आणि शेवटचे कधी बदलले? जाती वेगळ्या टाकीत घेतल्या का? अंडी कोणत्या तारखेला पडली?

शेवटचा प्रश्न सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कामाचा. तारखेवरून बीजाचं वय कळतं आणि वयावरून वाढ तपासता येते. दीड महिन्याचं बीज इंचभरच असेल, तर ते दाटीत खुंटलेलं आहे की मुळात कमजोर, ही चौकशी तिथंच करता येते. बीज एका परातीत घेऊन पाणी हातानं गोल फिरवावं. जोमदार बीज प्रवाहाच्या उलट पोहतं, कमजोर बीज मधे गोळा होतं. वाकडी पाठ, आखूड गालफड असलेली पिल्लं शेकड्यात चार-पाच जरी दिसली, तरी ती खेप घेऊ नये.

मच्छीमार संस्थांना हे एकट्या शेतकऱ्यापेक्षा जास्त जमण्यासारखं आहे. संस्था लाखाच्या हिशोबात बीज घेते, त्यामुळे तिच्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. सगळं बीज एका ठिकाणाहून न घेता दोन ठिकाणांहून घ्यावं, वेगवेगळ्या तळ्यांत सोडावं आणि मार्चमध्ये दोन्हीकडचं सरासरी वजन वहीत लिहावं. पुढच्या वर्षी कोणाकडून घ्यायचं, ते वहीच सांगेल.

गावात किंवा संस्थेला स्वतःची हॅचरी काढायची असेल, तर २०२० पासूनच्या पंतप्रधान मत्स्य संपदा योजनेत त्यासाठी मदत आहे. सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के अनुदानाची तरतूद ठेवलेली आहे. माहिती यवतमाळच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात मिळते. नागपूरला पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथंही तांत्रिक सल्ला मागता येतो. अर्ज करताना टाक्यांच्या खर्चाबरोबर प्रजनक कुठून आणणार, किती आणणार आणि किती वर्षांनी बदलणार, हे सुरुवातीलाच कागदावर आणावं. टाकी सिमेंटची असते, ती वीस वर्षं टिकते. वाण जिवंत असतो, त्याला दर दोन-तीन वर्षांनी नवं रक्त लागतं.

यंदाचा हंगाम तोंडावर आहे. पिशवी गाडीत ठेवण्याआधी अंड्यांची तारीख आणि जोड्यांची संख्या बिलाच्या मागे लिहून मागा. पहिल्या वर्षी विकणारा हसेल. चार गिऱ्हाइकांनी मागितलं, की दुसऱ्या वर्षी तो स्वतःहून लिहून ठेवील.